कनेक्शन कायम उघडी ठेवा म्हणे! (जँगो वेब फ्रेमवर्क, पोस्टग्रेस डेटाबेस)

जुनाखांब: परवा इथेच एकाने लिहिलं, ‘कॉन-मॅक्स-एजला नन द्या, साइट पळायला लागते, पूलर-बिलर काही लागत नाही.’ (कॉन-मॅक्स-एज म्हणजे जँगोने डेटाबेसचं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ते सेटिंग, नन म्हणजे कायम; पूलर म्हणजे मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा मधला प्रोग्राम.) त्याला भराभर अंगठे पडले, म्हणून सविस्तर लिहितोय. जँगो प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र कनेक्शन देतो. चार सर्व्हर, प्रत्येकी चार वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस), वर्करमागे आठ थ्रेड (आत समांतर चालणारी कामं): झाली 128 कनेक्शन. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूझरसाठी राखीव. गर्दीच्या वेळी ‘टू मेनी क्लायंट्स’ ही एरर येणारच. शिवाय पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस असते, नुसती बसली तरी मेमरी खाते. कॉन-मॅक्स-एज जँगो 1.6 पासून आहे आणि डिफॉल्ट शून्य आहे, ते उगीच नाही.

निवांत_नाशिककर: तो ‘एक’ मीच. आमचा डेटाबेस दुसऱ्या डेटासेंटरात, वर टीएलएस (एन्क्रिप्शन). दर रिक्वेस्टला नवा हँडशेक (जोडणीची बोलणी), पान उघडता उघडत नव्हतं. नन दिलं आणि तक्रारी थांबल्या. आमचे वर्करच दोन, 128 कुठून आणू?

जुनाखांब: मग ‘दोन वर्करला चाललं’ असं लिहायचं होतं! लोक सेटिंग जसंच्या तसं उचलतात. आणि डेटाबेस रीस्टार्ट झाला की मेलेलं कनेक्शन कोणाच्या तरी रिक्वेस्टवर फुटतं. जँगो 4.1 मधलं कॉन-हेल्थ-चेक्स (कनेक्शन जिवंत आहे का ते आधी तपासणारं सेटिंग) लावलंय का?

रात्रपाळी: पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसचा पूलर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावा (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला मिळतं), भांडण मिटेल.

एसक्यूएलचा_कैवारी: मिटेल? आमच्याकडे कोणालाही न विचारता लावला. रात्रीचं बिलिंग सेशन-लेव्हल अ‍ॅडव्हायझरी लॉक (कोडने स्वतः मागितलेलं, कनेक्शन असेपर्यंत टिकणारं कुलूप) घ्यायचं. लॉक घेतलं एका सर्व्हर कनेक्शनवर, सोडायची कमांड गेली दुसऱ्यावर. ‘तुमच्याकडे हे लॉकच नाही’ अशी नुसती वॉर्निंग, आणि लॉक तिकडे तसंच. पुढचं बिलिंग रात्रभर ताटकळलं. ओआरएमच्या (एसक्यूएल आपोआप लिहून देणाऱ्या लायब्ररीच्या) पोरांना खाली काय चालतं ते बघायचंच नसतं.

रात्रपाळी: पोरं कोणाला म्हणताय? ट्रान्झॅक्शन-लेव्हल लॉक घेतलं असतं तर कमिटबरोबर सुटलं असतं. दोष तुमच्या कोडचा, खापर पूलरवर.

एसक्यूएलचा_कैवारी: कोड पूलरच्या आधीपासून नीट चालत होता! सर्व्हर-साइड कर्सरचंही (निकाल डेटाबेसकडून तुकड्यातुकड्याने आणायची सोय) तेच. ते बंद करायला जँगोला 1.11.1 मध्ये वेगळं सेटिंग द्यावं लागलं. डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) काढून टाकले, आता हे भोगा.

रात्रपाळी: डीबीए होते तेव्हा एक इंडेक्स मागायला आठवडा जायचा. ते दिवस नकोत.

जुनाखांब: अहो, विषय कनेक्शनचा आहे. 5.1 पासून जँगोतच पूल आहे, सायकॉपजी 3 (पोस्टग्रेसशी बोलणारी पायथन लायब्ररी) असेल तर.

निवांत_नाशिककर: तोही प्रोसेसमागे वेगळाच ना? म्हणजे गुणाकार तुमच्याही गळ्यात.

जुनाखांब: आहेच. पण त्याला कमाल आकडा देता येतो आणि थ्रेड वाढवले तरी तो वाढत नाही.

निवांत_नाशिककर: बरं, मूळ पोस्टमध्ये ‘दोन वर्कर’ टाकतो आणि हेल्थ-चेकची ओळही. नन मात्र काढणार नाही.