मदत हवी आहे: दान्तेच्या 'नुत्रिक्स'ला मराठीत काय म्हणू?

इटालियन कवी दान्तेच्या 'दे वल्गारी एलोक्वेंतिया' या बोलभाषेवरच्या लॅटिन ग्रंथाच्या (साधारण 1303-05) सुरुवातीच्या भागाचा मराठी अनुवाद करतेय आणि एका शब्दावर आठवडाभर अडकलेय. तो म्हणतो की बोलभाषा म्हणजे जी आपण कुठल्याही नियमाशिवाय, 'नुत्रिक्स'चं ऐकून उचलतो, म्हणजे पाजणारी, सांभाळणारी बाई, आई नव्हे. पुढे अॅडमला तो 'आईविना, दुधाविना माणूस' म्हणतो, त्यामुळे दुधाचा धागा तुटून चालणार नाही, मला तर सगळी गंमत तिथेच वाटते.

'दाई' लिहिलं तर वाचणाऱ्याला सुईण वाटते (दोघांना वाचून दाखवलं, दोघंही बाळंतपणच समजले), 'धात्री' फार संस्कृत होतं आणि नेमकं बोलभाषेच्या कौतुकातच ते खटकतं, 'आया'त दूध नाही. 'मातृभाषा' इथे मुद्दाम टाळतेय कारण 'डिव्हाइन कॉमेडी' या त्याच्या महाकाव्यातल्या 'पुर्गातोरिओ'च्या 26व्या सर्गात तो खरंच 'पार्लार मातेर्नो' (आईची बोली) म्हणतो, तो शब्द तिथेच हवा. लॅटिन जेमतेम येतं, इंग्रजी अनुवादांत नुसतं 'नर्स' आहे, तळटीप देता येणार नाही.

सध्या 'दूधआई'वर आलेय. तुमच्या घरी, गावाकडे हा शब्द कुणी बोलताना ऐकलाय का, की दुसरं काही म्हणतात?