मदत हवी आहे: ब्रेक पॅड बदलले तरी गाडीची घरघर थांबत नाही

हिरवी_पालवी:
गाडी चालताना पुढून घरघर आवाज येतो, दगडावर दगड घासल्यासारखा. गॅरेजवाल्याने ब्रेक पॅड संपलेत म्हणून सांगितलं, बदलून घेतले, आवाज जसाच्या तसा. परत नेली तर आता म्हणतो डिस्क बदला, म्हणजे पॅड जिला दाबतात ती चकती. शनिवारी आईला आणि मुलांना घेऊन लांब जायचंय. डिस्क बदलू का? कृपया लवकर सांगा.

आडवाट:
कोणती गाडी? किती चाललीये? आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की नुसती पळतानाही? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

जुनी_गाडी:
डिस्कच असणार. माझ्या गाडीत पॅडचा थर संपून मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती. नख अडकेल एवढे खोल चरे पडले होते. डिस्क आणि पॅड एकदमच बदलले, तेव्हा शांत झालं. बदलून टाका, विषय संपवा.

तेरानंबरपाना:
जुनी_गाडी, तुमचे पॅड संपले होते म्हणून यांचेही संपले होते असं कसं? पालवीताई, काढलेले पॅड तुम्ही पाहिलेत का? नव्या पॅडवर साधारण १० मिमी थर असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. आणि डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. समोर मोजायला लावा, त्याआधी हो म्हणू नका.

हिरवी_पालवी:
पॅड पाहिले होते, चांगले जाड होते. ब्रेक दाबा नाहीतर सोडा, आवाजात फरक नाही. वेग वाढला की वाढतो. पेट्रोल हॅचबॅक आहे, साधे गिअर. डिस्क बदलायची की नाही एवढंच सांगा हो.

तेरानंबरपाना:
नाही बदलायची. ब्रेकचा आवाज ब्रेकबरोबर बदलतो. हा मला चाकाच्या बेअरिंगचा वाटतोय, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागाचा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेगात असताना गाडी न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. इंजिनचे फेरे उतरले तरी घरघर तशीच राहिली तर इंजिनवर संशय नको. मग लांबलचक वळणावर कान द्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज चढला तर बहुतेक उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना चढला तर डावं.

मंदगती:
मला असाच त्रास होता, चांगल्या प्रतीचं इंजिन ऑइल टाकलं आणि गाडी लोण्यासारखी झाली. आधी ते करून बघा.

आडवाट:
मंदगती, इंजिन ऑइलचा चाकाशी काय संबंध? त्या आधीच घाईत आहेत.

शंकेखोर:
लगेच बेअरिंगवर जाऊ नका. टायर एकसारखे झिजले नाहीत तर अगदी अशीच घरघर येते. टायरवरून दोन्ही दिशांनी तळहात फिरवा, चढउतार लागतील. पुढचे टायर मागे टाका. आवाज मागे गेला तर दोष टायरचा. आणि एक, चाकामागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला घासत असेल किंवा त्यात खडा अडकला असेल, तेही बघा.

तेरानंबरपाना:
पत्रा आणि खडा मान्य, पण तो आवाज बहुधा किरकिरा, पत्र्याचा येतो. टायरचंही तपासावं, मात्र वळणावर फरक पडला तर माझं मत बेअरिंगलाच.

शंकेखोर:
वळणावर टायरचाही आवाज बदलतो. म्हणून तर अदलाबदल करून बघा म्हणतोय, खर्च काही नाही.

विजेरी:
म्हणूनच मी इलेक्ट्रिक घेतली. ऑइल नाही, क्लच नाही.

आडवाट:
चाकांना बेअरिंग तिथेही असतात.

हिरवी_पालवी:
न्यूट्रलला आवाज तसाच. टायर मागेपुढे केले, आवाज पुढेच राहिला. डावीकडच्या वळणावर वाढतो, उजवीकडे जवळजवळ थांबतो. म्हणजे उजवं ना? शनिवारी जाऊ शकते का?

तेरानंबरपाना:
उजवं पुढचं. आणि नाही, असं घेऊन लांब जाऊ नका. बेअरिंग जास्त सैल झालं तर चाक डुगडुगतं, पुढचं सांगायला नको. गॅरेजमध्ये तुमच्यासमोर चाक उचलायला सांगा, नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड हवा. एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग गेलेलं असेल तर स्प्रिंगमधून हाताला बारीक खरखर कळते. डाव्या चाकाला तेच करून बघा, फरक लगेच समजेल.

जुनी_गाडी:
ग्रीस भरून चालतं की. आमच्या आधीच्या गाडीत दरवेळी भरायचो.

तेरानंबरपाना:
ती उघडी बेअरिंग होती. हल्ली बहुतेक गाड्यांत सीलबंद असतात, ग्रीस आत जाणारच नाही. ताई, बसवताना प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर बसवायला सांगा, हातोड्याने ठोकलं तर नवं बेअरिंगही थोड्याच दिवसांत घरघरतं. मधला मोठा नट नवा घालून कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायचा. दोन्ही बाजू बदला म्हणाले तर डावं चांगलं असताना गरज नाही.

हिरवी_पालवी:
स्प्रिंगला हात लावला, उजवीकडे स्पष्ट खरखर, डावीकडे काही नाही. मेकॅनिकलाही हात लावायला लावला, मग तोच म्हणाला डिस्क राहू द्या. बेअरिंग बदललं, आवाज पूर्ण गेला. सगळ्यांचे मनापासून आभार. पण आता एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय. मेकॅनिकचं म्हणणं, चालवा, जाईल आपोआप.

आडवाट:
किल्ली फिरवल्यावर लागतो तो विझतच नाही, की विझून गाडी थोडी पुढे गेल्यावर परत लागतो?

हिरवी_पालवी:
विझतो. गाडी हलली की थोड्या अंतरावर परत लागतो.

तेरानंबरपाना:
मग आपोआप जाणार नाही. बहुतेक चाक फिरतंय हे एबीएसच्या सेन्सरला कळत नाहीये. बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं, ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटं बसलं तर नेमकं असंच होतं. तुमच्या गाडीत तशी रचना आहे का ते आधी विचारा. कधीकधी काम करताना सेन्सर नीट बसलेला नसतो, म्हणून तो पहिल्यांदा काढून, पुसून परत बसवायला सांगा. तशी रचना असून तरी दिवा राहिला तर बेअरिंग उलटं असण्याची शक्यता जास्त, आणि प्रेसने बाहेर काढलेलं बेअरिंग परत वापरत नाहीत, नवंच लागेल. ते मेकॅनिकच्याच खर्चाने घ्या. तोवर साधे ब्रेक लागतील, पण एबीएस चालत नसल्याने जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू शकतात. शनिवारच्या आत करून घ्या.

हिरवी_पालवी:
आत्ताच फोन केला, उद्या सकाळी दुकान उघडल्याबरोबर गाडी लावतेय. सेन्सर काढताना समोर उभी राहीन.