एकाच घाण्यातली एक बाटली उसळते, दुसरी सपाट. बाकीच्या उघडू का?

मंडळी, घरी केलेल्या बिअरबाबत मदत हवी आहे. फिकट एल (उबेत आंबवायचा बिअरचा प्रकार) आहे, साधारण २० लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबेल तशी उतरते) १.०५०, शेवटची १.०११, काही दिवस रीडिंग जागचं हललं नाही, तेव्हाच भरायला घेतली. प्रायमिंगसाठी, म्हणजे बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून, १२० ग्रॅम साखर पाण्यात उकळली, गार केली आणि भरायच्या बादलीतल्या बिअरवर ओतली. हवा लागू नये म्हणून ढवळलं नाही. मग खालच्या तोटीने अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरल्या.

दोनेक आठवडे झालेत. काल दोन बाटल्या गार करून उघडल्या. एकीचं झाकण सैल होताच तळचा गाळ घेऊन फेस वर आला आणि निम्मी बिअर सिंकमध्ये गेली. दुसरीतून नुसतं 'फुस्स'. चव दोन्हींची बरी आहे. साखर जास्त झाली की इन्फेक्शन? सगळ्यांची झाकणं काढून गॅस सोडू का?

प्रतिसाद:
थांबा, सगळ्या उघडू नका. तुमची साखर लिटरला ६ ग्रॅम पडते. २० अंशाला आंबलेल्या बिअरमध्ये मुळातच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम (लिटरभर बिअरमागे तितके लिटर) गॅस विरघळलेला असतो आणि लिटरला ४ ग्रॅम साखरेमागे साधारण एक व्हॉल्यूमची भर पडते. म्हणजे २.३५ च्या आसपास. एलला एकदम ठीक. आंबणं अर्धवट राहिलं असतं तर यच्चयावत बाटल्या उसळल्या असत्या. इन्फेक्शनमध्ये बहुधा चव आंबट होते किंवा बाटलीच्या मानेत आतून कडं धरतं.

माझा संशय वेगळाच आहे. साखरेचा पाक बिअरपेक्षा जड, तो तळाला बसतो. आणि तुमची तोटीही तळालाच! म्हणजे आधीच्या बाटल्यांत साखर जास्त, नंतरच्यांत कमी. कुठली बाटली आधी भरली, कुठली नंतर, काही आठवतंय का?

धागाकर्ता:
आठवायची गरजच नाही, झाकणांवर मार्करने आकडे टाकलेत. उसळली ती ४, सपाट ती ३३. आता तुम्ही साखरेचं म्हणताय म्हणून ३३ नंबरच्या बाटलीतली उरलेली बिअर पुन्हा चाखली, गोडवा अजिबात नाही.

दुसरा प्रतिसाद:
मग प्रश्न मिटला. गोड लागली असती तर यीस्टचं काम बाकी आहे म्हणून थांबा म्हटलं असतं. इथे साखर पोचलेलीच नाही.

आधी सुरुवातीच्या दहाबारा बाटल्यांचं बघा, काच फुटली तर डोळ्यावर बेतेल. चष्मा आणि जाड हातमोजे घाला, बाटल्या बंद होणाऱ्या खोक्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट झोपतं आणि दाबही उतरतो. दोनेक दिवसांनी ओपनरने झाकणाची कड किंचित उचला, फेस मानेपर्यंत आला की दाबून धरा. बसला की पुन्हा. शेवटी नवीन झाकण. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केलीत तर परत सिंकच.

मधल्या बाटल्यांना हात लावू नका. २० अंशांच्या आसपास अजून आठवडाभर अंधारात राहू द्या, मग एखादी गार करून बघा. उगाच उघडल्या तर आत ऑक्सिजन शिरेल आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येईल.

धागाकर्ता:
आणि तिसाच्या पुढच्या?

पहिला प्रतिसाद:
त्यांना बाटलीमागे २ ग्रॅम साखर घाला, ३ नको, थोडा गॅस आहेच. बाटली आधी चांगली गार करा, कारण कोरडी साखर पडताच फेस येतो. झाकण हातात तयार ठेवा. मग पुन्हा उबेत दोन-तीन आठवडे.

पुढच्या घाण्याला पाक बादलीत आधी ओता आणि सायफनच्या नळीचं टोक तळाशी गोल वळवून ठेवा, बिअर फिरत चढते. वर निर्जंतुक केलेल्या चमच्याने सावकाश दोन फेरे द्या. खळखळाट नसेल तर तेवढ्याने हवा लागत नाही. थोडी बिअर सोड्याच्या प्लॅस्टिकच्या एका बाटलीत भरा, ती दाबून आतला गॅस कळतो.