शब्दचर्चा : ‘मनन करा’ म्हणजे नक्की काय करा?

नगरी_तडका :
रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधलं फिलिप्पैकर ४:८ घेतलं, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वचन. जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध... अशी यादी आहे आणि शेवटी ‘त्यांचे मनन करा’. आता आमच्याकडे मनन म्हणजे सकाळी डोळे मिटून, बायबल मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसायचं आणि मग उठून दिवसभर जे करायचं ते करायचंच. मला प्रश्न पडला की पौलाला हेच म्हणायचं होतं का, कारण माणूस कैदेत बसून पत्र लिहितोय. मूळ शब्द काय आहे?

पोथीवाला :
मूळ ग्रीक क्रियापद ‘लोगिझोमाइ’. आणि गंमत म्हणजे हा शब्द देवळातला नाहीच, वहीखात्यातला आहे. हिशेब धरणे, अमक्याच्या नावे मांडणे, त्या काळच्या व्यवहाराच्या कागदांत असाच येतो. हेच क्रियापद नव्या करारात (बायबलचा ग्रीकमधला दुसरा भाग) इतर ठिकाणी बघा, मराठीत दर वेळी वेगळं दिसतं. रोमकर ४:३ मध्ये अब्राहामाने विश्वास ठेवला ते त्याला नीतिमत्त्व असं ‘गणण्यात आलं’, १ करिंथ १३:५ मध्ये प्रीती अपकार ‘स्मरत नाही’, आणि फिलिप्पैत ‘मनन करा’. गणणे, स्मरणे, मनन, तिन्ही जागी क्रियापद एकच! मराठी वाचणाऱ्याला हा धागा दिसतच नाही. मला विचाराल तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘जमेला धरणे’. जे चांगलं ते जमेला धरा, आणि करिंथच्या वचनाप्रमाणे, कुणी वाईट केलं तर ते त्याच्या नावे मांडून ठेवू नका. लगेच पुढच्या ओवीत, आपलं सॉरी, वचनात (४:९) पौल सांगतो की शिकलात ते आचरणात आणा, म्हणजे हिशेब वहीत ठेवायचा नाही, त्यावर व्यवहार करायचा.

वसईची_पोर :
पण ‘मनन’ शब्दावर एवढं खापर नका फोडू. श्रवण, मनन, निदिध्यासन ही आपली जुनी तिकडी, त्यात मनन म्हणजे ऐकलेलं घासूनपुसून, शंका काढून पटवून घेणं. ध्यान लावून बसणं तिसऱ्या पायरीवर. भाषांतर करणाऱ्यांचा शब्द बरोबरच होता, आपण तो मऊ करून टाकला. बाकी पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायामाणसांना कळेल असं भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ ला छापून आलं, त्यात इथे काय शब्द आहे? कुणाकडे प्रत असेल तर फोटो टाका प्लीज.

आणि ते व्हॉट्सअॅपवर फिरणारं ‘माणूस मनात जसा विचार करतो तसाच तो असतो’, जुन्या करारातलं नीतिसूत्रे २३:७, मोटिव्हेशनल म्हणून गुलाबाच्या फोटोवर टाकतात. मागचंपुढचं वाचा जरा!! तिथे एक कंजूस यजमान आहे, तोंडाने ‘खा, पी’ म्हणतो आणि मनात घास मोजत असतो.

पोथीवाला :
एकदम बरोबर! तिथलं हिब्रू क्रियापदही अंदाज बांधणे, हिशेब करणे अशाच अर्थाचं घेतात. तोंडाने आग्रह आणि आत आकडेमोड. म्हणजे दोन्हीकडे ‘विचार’ म्हणजे डोक्यात तरंगणारं काही नाही, मनातली वही आहे, आणि माणूस त्या वहीप्रमाणे वागतो.

नगरी_तडका :
आजोबांचं किराणा दुकान होतं, लाल कापडाची उधारीची वही असायची, त्यामुळे ‘जमेला धरणे’ हे मला एका झटक्यात कळलं. आजीची वही मात्र मनात. धाकट्या जावेने लग्नात दिलेली शाल जुनी, घडीवर पिवळा डाग पडलेली होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. काल तिला हे करिंथचं सगळं समजावून सांगितलं, गणणे स्मरणे वगैरे. तिने शांतपणे ऐकलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, बरं, आजपासून ती शाल खर्ची टाकली.
मग दोन मिनिटांनी, ‘पण डाग चहाचा होता, मी तेव्हाच ओळखलं.’

वसईची_पोर :
😂😂 आजींना सांगा, मनन चालू ठेवा.
रमाबाईंच्या प्रतीचं कुणीतरी बघा ना.