परसात अचानक आलेला पाहुणा : तुमचे अनुभव लिहा

परवा सकाळी दालचिनीची पानं काढायला परसात गेले, तर खालच्या फांदीला मोठं वाळकं पान लटकलेलं. हात लावणार तोच ते हललं. ॲटलास पतंग! माझा पंजा सहज झाकला गेला असता एवढा. विटकरी पंख, प्रत्येकावर काचेसारखा आरपार दिसणारा त्रिकोण, आणि पुढच्या पंखांची टोकं हुबेहूब सापाच्या तोंडासारखी. शेजारीच पानात गुंडाळलेला रिकामा कोश. सासूबाईंनी मला मागे ओढलं, "हात लाव नको गो, पंख सुकांदे तेचे." सावंतवाडीत येऊन एकवीस वर्षं झाली, पण असा पतंग पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. तुमच्याकडे असं कुणी आलं होतं का? सविस्तर लिहा.

चिपळूण

ताई, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्या पडवीतल्या ट्यूबलाइटवर हाच पतंग आला होता. मुलांनी खोक्यात ठेवला, मी वाटीत साखरपाणी ठेवलं. त्याने ते घेतलंच नाही. चार दिवसांनी मेला. नंतर कळलं, त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर आठवडा, फार तर दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात जोडीदार गाठायचा. मादीचा गंध टिपायला नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. आमच्या खोक्यातल्याच्या तशाच होत्या. तो मादीच्या शोधात निघालेला असणार, आणि त्याचे ते चार दिवस आम्ही घेतले. अजून मनाला लागतं.

पुणे, चौथा मजला

कुंडीतल्या तगरीची पानं रातोरात फस्त व्हायला लागली. औषध आणलं, फवारणार तर पानामागे बोटाएवढी हिरवीगार अळी. जरा डिवचल्यावर तिने मान खाली घातली आणि दोन निळे डोळे वटारले. डोळे कसले, ते नुसते ठिपके! बाटली ठेवून दिली. तगर काय, पुन्हा फुटते. पुढे अळी तपकिरी पडली आणि मातीत उतरली. तीनेक आठवड्यांनी कुंडीच्या काठावर हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बसलेला. ओलिअँडर हॉकमॉथ. अंधार पडला तसे त्याचे पंख थरथरायला लागले, आणि गेला.

सावंतवाडी

खोक्याचं वाचून आज दालचिनी नीट न्याहाळली. वरच्या फांदीला आणखी दोन कोश आहेत, भरलेले. पानं काढणं थांबवलंय.