सेकंदाला एक अक्षर: सर्वात छोटा कोड कोणत्या भाषेत बसेल?

महालवाला:
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोड गोल्फचं कोडं आलंय. टर्मिनलवर 'नागपूर' एकाच ओळीत उमटवायचं, दर सेकंदाला एक अक्षर: ना, ग, पू, र. कमीत कमी बाइट ज्याचे, तो जिंकला. भाषा कोणतीही चालते. मी पायथनमध्ये लिहितोय, पण आधी काहीच दिसत नाही आणि शेवटी सगळं एकदम येतं. वर लूप चारऐवजी सहा वेळा फिरतो. असं काऊन होते? भाषाच बदलू का?

बर्डीकर:
भाऊ, आउटपुट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकतंय. टर्मिनलवर पायथन नवी ओळ आली की बफर रिकामं करतो, आणि तू प्रिंटचा 'एंड' कोरा ठेवलाय, म्हणून नवी ओळ येतच नाही. बफर लगेच रिकामं करणारा 'फ्लश' लावच, पण 'ट्रू' ऐवजी नुसता 1 दे, 3 बाइट वाचतात.

सहा फेऱ्या युनिकोडमुळे. 'ना'चा काना आणि 'पू'चा ऊकार हे वेगळे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं आहेत, आणि लूप प्रत्येकासाठी एकदा फिरतो. यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत अशा प्रत्येक चिन्हाला 3 बाइट, म्हणजे नुसता शब्दच 18 बाइट खातो. त्यात काटछाट नाही. चारही तुकडे वेगवेगळ्या अवतरणांत घाल, मध्ये स्वल्पविराम दे आणि फॉर-इनला थेट चिकटव, कंसही लागत नाहीत. एकाच अवतरणातला मजकूर मोकळ्या जागांवर तोडणाऱ्या स्प्लिटपेक्षा 2 बाइट कमी. पाच तुकड्यांना बरोबरी होते, सहापासून स्प्लिट सरस.

धरमपेठी_कोडर:
सेकंदभर थांबवणारा स्लीप एकदाच येतोय तर 'इम्पोर्ट टाइम'च ठेव. 'फ्रॉम टाइम इम्पोर्ट स्टार' इथे 1 बाइटने महाग पडतं, स्लीप दोनदा आला तरच परवडतं. एवढं सगळं करून पायथन 87 बाइटवर थांबतो.

माझं ऐक, टर्मिनलच्या कमांडची भाषा बॅश घे. इम्पोर्ट नाही, अवतरणं नाहीत, तुकडे मोकळ्या जागेनेच वेगळे होतात आणि प्रिंटएफ लगेच दाखवतो. इको मायनस एन पेक्षा तो 1 बाइटने छोटाही आहे. डू आणि डनच्या जागी महिरपी कंस टाक. मॅन्युअलमध्ये ते दिलेलं नाही, पण बॅश चालवून घेतो, 4 बाइट सुटतात. एकूण 52.

महालवाला:
मस्त चाललं भाऊ! अक्षरं एकेक करून येताहेत. पण फाइलचे बाइट मोजणारा डब्ल्यूसी मायनस सी 53 दाखवतोय.

बर्डीकर:
एडिटर फाइलच्या शेवटी नवी ओळ घालतो, तिचा तो 1 बाइट. नॅनो एडिटर वापरत असशील तर मायनस कॅपिटल एल देऊन उघड, ती ओळ खोड आणि सेव्ह कर.