आधी उपचार, नाव नंतर : फलाटावरच्या मुलांना रुग्णालयाची भीती का वाटावी?

फलाटदिवा

मुंबईतल्या एका मोठ्या रेल्वे स्थानकावर, घर सोडून आलेल्या मुलांबरोबर मी गेली काही वर्षे काम करते. मागच्या पावसाळ्यात सोळा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. कामाला लावतो असे सांगून एकाने तिला दोन दिवस लॉजमध्ये डांबून ठेवले होते आणि तिथून ती कशीबशी निसटली होती. सरकारी रुग्णालयाच्या फाटकापाशी पोहोचल्यावर तिने एवढेच विचारले, "तिथे पोलीस येतील का?" मला तिच्याशी खोटे बोलायचे नव्हते. मी "हो" म्हणताच ती माघारी फिरून गर्दीत मिसळली आणि आम्हाला पुन्हा सापडली ती पाचव्या दिवशी, अंगात ताप आणि ओटीपोटात कळा घेऊन.

लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जमल्यास पहिल्या दोन तासांतच, सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याच्या गोळीचा उपयोगही उशीर होईल तसा कमी होत जातो. ती सगळी औषधे त्या रुग्णालयात होती. तिच्यापर्यंत ती पोहोचली नाहीत, कारण फाटकातून आत जाणे म्हणजे स्वतःहून पोलिसांच्या ताब्यात जाणे, असे तिला वाटत होते.

कायदा काय सांगतो, हे मला ठाऊक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या, म्हणजे पॉक्सोच्या, कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवली पाहिजे आणि कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टरांची भीती मी समजू शकते. परंतु याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांपैकी सहावा नियम असेही सांगतो की, तातडीचे उपचार देण्याआधी कोणत्याही रुग्णालयाने पोलिसांचे किंवा दंडाधिकाऱ्यांचे पत्र मागू नये. प्रत्यक्षात रुग्णालयांना पहिला नियम तोंडपाठ असतो आणि दुसरा दाखवून द्यावा लागतो. आमच्याकडे त्याची एक झिजलेली झेरॉक्स कायम पिशवीत असते.

२९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलींपुरती एक वाट मोकळी केली. मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही. माझे म्हणणे असे की, हीच सवलत सोळा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला, प्रत्येक उपचारासाठी मिळावी. गुन्ह्याची खबर त्याच दिवशी जावी, परंतु नाव मात्र मुलाला विश्वासाचा माणूस आणि राहायला सुरक्षित जागा मिळाल्यानंतर, त्याच्या संमतीने कळवले जावे.

कोर्टपायरी

ताई, आपल्या कामाविषयी मला आदर आहे आणि त्या मुलीच्या बाबतीत झालेली हानी मी कमी लेखत नाही. तरीही आपली मागणी मला धोकादायक वाटते, कारण जी गोष्ट त्या मुलीने आपल्याला सांगितली, तिच्यातच तो धोका दिसतो. लॉजमध्ये ठेवणारा माणूस एकाच मुलीला ठेवून थांबत नाही. नाव नसलेली खबर मिळाल्यावर पोलिसांनी कोणत्या लॉजच्या कोणत्या खोलीवर जायचे? ती मुलगी आठ दिवसांनी संमती देईल, तोपर्यंत खोली रिकामी झालेली असेल, नोंदवहीतले पान फाटलेले असेल आणि दुसरी कोणी तरी दुसऱ्या गावी नेली गेलेली असेल.

हा कायदा येण्यापूर्वी वार्डात काय चालत असे, हे मी जुन्या खटल्यांच्या कागदांतून पाहिले आहे. "मामा" किंवा "मावशी" म्हणून सोबत आलेली व्यक्ती मुलीला उपचार करून परत घेऊन जात असे आणि केसपेपरवर "पडल्याने इजा" एवढेच लिहिलेले असे. कळवण्याचे बंधन डॉक्टरला जाच वाटावे म्हणून घातलेले नाही. गप्प राहणे कोणाच्या सोयीचे होते, हे पाहून ते घातलेले आहे. डॉक्टरला नाव रोखून धरण्याचा अधिकार दिला, तर त्याचा पहिला फायदा ती मावशीच घेईल. "मुलीची संमती नाही" असे डॉक्टरला तीच सांगेल आणि मुलगी तिच्या शेजारी मान खाली घालून बसलेली असेल.

आणखी एक गोष्ट. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तुमच्या मुलीला ज्या खाकीची भीती वाटली, ती तिच्यासमोर येऊच नये अशी तरतूद संसदेने केलेली आहे. ती पाळली जात नसेल, तर ती पाळायला लावण्यासाठी भांडू या.

रात्रपाळी

मी अपघात विभागात परिचारिका आहे. कोर्टपायरी यांनी सांगितलेली मावशी मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे आणि फलाटदिवा यांची मुलगीही. दोघींना एकच नियम लावायचा कसा, हे मला आजपर्यंत उमगलेले नाही.

आमच्याकडे व्यवहारात होते ते असे. मूल आले की कनिष्ठ डॉक्टर आधी विचारतात, "एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद) करायची का?" मग चौकीवरच्या हवालदाराला बोलावणे जाते आणि तो येईपर्यंत कोणी हात लावत नाही. असा नियम कुठेही लिहिलेला नाही, ती पडून गेलेली सवय आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारा वर्षांवरील मूल तपासणीला स्वतः संमती देऊ शकते आणि नकारही देऊ शकते. तपासणी नाकारली म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. एवढे जरी प्रत्येक कॅज्युअल्टीत पाळले गेले, तरी पुष्कळ मुले फाटकातून परत जाणार नाहीत. आमच्या विभागात आम्ही एक बदल केला. मुलाला आधी पडद्यामागे नेतो, पाणी देतो, जखम धुतो, पहिली गोळी देतो आणि मग फोन करतो. यात जेमतेम वीस मिनिटे जातात आणि त्यामुळे एकही कायदा मोडत नाही.

सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलणे, हेही त्या वीस मिनिटांतच होते. मावशी ओळखण्याचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

जुना_मुक्कामी

तिघांचेही वाचले. सगळीकडे "मुलगी" हाच शब्द आहे, म्हणून लिहितो.

मी तेराव्या वर्षी घर सोडले आणि सात महिने फलाटावर काढले. तिथे माझ्याबरोबर जे झाले, ते सांगायला मला शब्दच नव्हते, कारण असे फक्त मुलींबरोबर होते हे मलाही शिकवलेले होते. दोनदा दवाखान्यात गेलो. बसताना दुखते असे सांगितल्यावर मलम मिळाले आणि नशेसाठी सोल्यूशन ओढतोस का, असे दरडावून विचारले गेले. याहून वेगळा प्रश्न कोणीही विचारला नाही. पॉक्सो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ ने मोफत उपचारांच्या यादीत पॉक्सोची कलमेही घातली आहेत, म्हणजे खाजगी रुग्णालयालाही आता मुलाला परत पाठवता येत नाही. परंतु डॉक्टरच्या मनातच हा प्रश्न आला नाही, तर ते कलम कोणासाठी?

आणि पोलिसांची भीती म्हणजे नेमकी कशाची भीती, हेही समजून घ्या. मला हवालदाराची भीती वाटत नव्हती, तो रोजच दिसायचा. तो मला घरी पोहोचवील, याची भीती वाटत होती. मी ज्याच्यामुळे पळालो, तो माणूस त्याच घरात राहत होता.

फलाटदिवा

मुक्कामी, आपण हे इथे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मुलगे माझ्या लेखनातून निसटले, ही माझी चूक आहे. आमच्या फलाटावर मुलगेच जास्त आहेत.

कोर्टपायरी, मावशीचा आपला मुद्दा मला मान्य करावा लागतो. जिथे मुलाला विकले गेले आहे किंवा डांबले गेले आहे, तिथे ठिकाण आणि आरोपी यांची माहिती त्याच तासाला गेली पाहिजे. परंतु ठिकाण सांगायला मुलाचे नाव लागत नाही. माझा आग्रह आता एवढ्यापुरताच आहे.

यापुढची अडचण अशी की, २८ दिवसांच्या गोळ्या दिल्या तरी फलाटावर झोपणाऱ्या मुलाने त्या ठेवायच्या कुठे? उशाखालची पिशवी दुसऱ्या रात्रीच जाते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये खुल्या निवाऱ्यांची तरतूद आहे आणि अशा मुलाला गोळी हातात देणारा माणूस तिथे भेटू शकतो. त्यामुळे निवारा हा माझ्या लेखी उपचाराचाच भाग आहे. कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेने १९८८ मध्ये तिथल्या मुलांसाठी रात्रीचे केंद्र सुरू केले, ते रात्री मूल सुरक्षित असले तरच दिवसाच्या मदतीला अर्थ राहतो, हे ओळखूनच.

कोर्टपायरी

नावाविषयी माझे मत बदललेले नाही. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे नावाशिवाय मूल उभे राहू शकत नाही, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे त्याला २४ तासांच्या आत तिथे न्यावेच लागते. समितीच्या शिफारशीने कपडे, जेवण आणि प्रवास यांसाठी आठवड्याच्या आत मिळू शकणारे तातडीचे पैसेही नावाशिवाय निघणार नाहीत. आपण भीतीपोटी जे झाकू पाहता, त्याच कागदावर त्या मुलाचे हक्क लिहिलेले आहेत. नाव न्यायालयाबाहेर फुटू नये, याची तरतूदही कायद्यात आहे.

मात्र मुक्कामी यांचे वाचून मी एका गोष्टीवर थांबलो. घरी पाठवण्यापूर्वी घराची चौकशी व्हावी आणि मुलाचे म्हणणे ऐकले जावे, असे आपण वकील सहज बोलून जातो. मी पाहिलेल्या काही अहवालांत त्या चौकशीचा मजकूर दोन ओळींचा होता : "पालक मुलास घेण्यास तयार आहेत. घरची परिस्थिती ठीक आहे." मूल तयार आहे का, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. इथे आपण एकत्र काम करू शकतो. रात्रपाळी, मुलाने पहिल्या वीस मिनिटांत घराविषयी काही सांगितले, तर ते आपल्या केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहिले जाते का?

रात्रपाळी

आजवर लिहिले जात नव्हते. "रुग्णाचे म्हणणे" या ओळीत आम्ही फक्त दुखणे लिहितो. उद्याच्या पाळीपासून "घरी जायचे नाही" असे मूल म्हणाले, तर तेही तारीख आणि वेळ टाकून, अवतरणचिन्हांत लिहीन.